माझ्या सुतकाची रजा

भाई, तू गेल्यावर चौदाव्या दिवशी मला कळलं, की मी सहा वर्षांपूर्वीच वारले आहे.

बातमी आणली ती तुझ्या खात्यातल्या पाटकरांनी. तुझं तेरावं आदल्या दिवशीच झालं होतं. माडाखाली उष्ट्या पत्रावळी अजून तशाच पडल्या होत्या. पाटकर मुंबईच्या बोटीने आले, बंदरावर विचारत विचारत आपलं घर शोधलं आणि ओटीवर टेकले. मी गूळपाणी आणलं, भांडं त्यांच्या हातात दिलं. पाणी पिण्याआधी त्यांनी सहज विचारलं, "आपण मेस्त्रींच्या कोण?"

"बहीण," मी म्हटलं.

त्यांनी भांडं खाली ठेवलं. "बहीण म्हणजे? सख्खी बहीण त्यांना एकच होती. शालन. ती तर वारली."

ओटीवर मी उभी होते. हातात गुळाची वाटी होती. ती तशीच हातात राहिली.

पुढे काय झालं ते सांगतेच. पण आधी बाकीचं आठवून बघते, कारण त्या दिवसापासून मला आपल्या दोघांची एकेक गोष्ट पुन्हा काढून तपासावी लागते आहे. पेटीतली लुगडी कसरीने खाल्ली का ते बघावं, तशी.

आपल्या किनाऱ्यावर रूळ नाहीत. गाडी बघायची तर घाट चढून जावं लागतं. तू सुतारकामाची परीक्षा द्यायला कोल्हापूरला गेलास आणि परीक्षेनंतरचे तीन दिवस स्टेशनावर काढलेस. परत आलास तेव्हा वहीत डब्याची मापं होती. काही वितीने घेतलेली, काही पावलांनी, खिडक्या मोजलेल्या, चाकांवर चाकं काढलेली. आबांनी आयुष्यभर होड्या बांधल्या. त्यांनी वही उलटसुलट करून पाहिली.

"ह्या पाण्यात चलतला?"

"नाय, आबा."

"मगे कित्याक बांधूचा?"

 तरी होडीच्या कामातून उरलेल्या सागवानी फळकुटांचा तू दीड हात लांबीचा डबा केलास. सांधे इतके बेमालूम की नख जाईना. पण भाई, खरं सांगू? तो डबा दिसत होता कपड्यांच्या पेटीसारखा. तुलाही ते कळत होतं. दोन दिवस तू त्याच्याभोवती फिरलास आणि मग माझ्यासमोर आणून ठेवलास. मी सातवी होऊन घरी बसले होते, लोकांची झबली शिवत होते.

"गो बाय, ह्येका रंग दी बगया."

"खंयचो रंग?"

"पिकल्या रातांब्याच्या सालीसारखो. पण वायच धुरकट."

तिथून सुरू झालं. गाडी मी पाहिलेली नव्हती, आजही पाहिलेली नाही. तुझ्या तोंडून ऐकायचं आणि हाताने करायचं. छतावर कॅनव्हास असतो म्हणालास, तेव्हा मी आईच्या जुन्या मलमलच्या पातळाचा तुकडा सरसाने चिकटवला आणि त्यावर राखाडी रंग दिला. इंजिनाच्या पत्र्यावर रिबिटांच्या, म्हणजे खिळ्यांच्या गोल माथ्यांच्या, ओळी असतात म्हणालास. सरसात खडूची पूड कालवून, सुईच्या टोकाने एकेक थेंब ठेवत मी त्या ओळी उठवल्या. थेंब मोठा झाला की पुसायचा, पुन्हा ठेवायचा. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला तू करून दिलास. इंग्रजी मुळाक्षरं मी डब्यांवर लिहूनच शिकले. डब्यांवर जी येत नाहीत ती मला अजूनही नीट येत नाहीत.

रंग सुकल्यावर तू डबा खिडकीच्या उजेडात धरलास आणि चारी बाजूंनी फिरवून बघितलास. मग म्हणालास, "आता हो डबो झालो." त्या एका वाक्यावर मी पुढची वीस वर्षं काम केलं.

आपलं भांडणही तेव्हापासूनचंच. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात मी खिडकीशी एक चिंधीची बाई बसवली होती. दोन पेरांएवढी, पदर वाऱ्याने खिडकीबाहेर आलेला. तू चिमट्याने ती ओढून काढलीस.

"माणसा घालू नको. खेळणा न्हय ह्या."

"मगे रिकामी गाडी खंय चल्ली?"

"गाडी बरोबर होवक होयी. माणसा बरोबर होयत नाय."

हे भांडण कधी मिटलंच नाही. प्रत्येक डब्यामागे मी एकदा विचारायची आणि तू एकदा नाही म्हणायचास. तुझं म्हणणं मला आताही पटत नाही. आता तर मुळीच नाही.

गोव्याची हद्द बंद होती त्या सुमारास शाळेच्या प्रदर्शनात आपण इंजिन आणि चार डबे मांडले. गावचा किल्ला बघायला आलेले एक रेल्वेचे साहेब तिथे शिरले आणि तासभर वाकून उभे राहिले. मी बायकांच्या बाजूला होते, पण ऐकू येत होतं. त्यांनी विचारलं, "रंगकाम कोणी केलं?" तू म्हणालास, "घरचंच काम आहे, साहेब."

मला ते उत्तर आवडलं होतं, भाई. 'घरचं' म्हटल्यावर त्यात आपण दोघंही मावत होतो.

साहेबांनी तुला मुंबईला बोलावून घेतलं. रेल्वेच्या नव्या नोकरांना शिकवण्यासाठी तिथे एक मॉडेल खोली होती. तू गेलास, वहिनी गेली, खोली मिळाली, मुलं झाली. आणि डबे माझ्याकडे यायला लागले. तू लाकूड आणि पत्रा जमवायचास, भाताच्या कोंड्यात डबा घालून ट्रंक बोटीवर चढवायचास. होडीतून ती धक्क्यावर उतरली की मी हमालाच्या मागोमाग घरापर्यंत चालत यायची, त्याने कुठे आपटू नये म्हणून. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून वैशाखात दोन-दोन ट्रंका यायच्या. रंग, अक्षरं, पिवळ्या रेघा, खिडक्यांच्या तारा, बाकांची गादी, दाराच्या मुठी, सगळं करून मी ट्रंक परत धाडायची. लोक विचारायचे, "काय गो शालन, भावाचा सामान रंगयतंस?" मी हसायची. माझ्या लग्नाचं कोणी बोलेनासं झालं होतं, पण माझ्या ओटीवर अख्ख्या किनाऱ्यावर नव्हती अशी गोष्ट होती.

आणि मग ते दहा दिवस.

गोवा मोकळा झाला त्यानंतरचा माघ. तू न कळवता आलास, एकटाच. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मी घाबरले. तू म्हणालास, "रजा गावली. तुका बघूक इलंय." आई-आबा जाऊन तीन वर्षं झाली होती. माझ्यासाठी म्हणून कोणी येण्याची ती पहिलीच वेळ.

सकाळी स्वतः बंदरावर जाऊन तू सुरमई आणायचास आणि डोक्याचा तुकडा माझ्या पानात वाढायचास. विहिरीचा रहाट दुरुस्त केलास. माझी रंगाची बाटली उंचावर ठेवावी लागते म्हणून हाताला येईल अशी फळी मारून दिलीस. मला वेंगुर्ल्याला नेलंस एस.टी.ने, आणि बांगड्या भरल्यास. गोव्याकडून आलेली माणसं बंदरावर मोकळी फिरत होती. ती बघत आपण हॉटेलात भजी खाल्ली. मी आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात बसले होते. मी चेष्टेने म्हटलं, "इतको लाड कित्याक चल्लो हा? माझो शेवट जवळ इलो की काय?"

तुझ्या हातातली भजी बशीत पडली. "तसा बोला नको, बाय," म्हणालास आणि हात धुवायला उठून गेलास. बराच वेळ आला नाहीस.

पुढची सहा वर्षं एकटेपणी बरं वाटावं म्हणून मी त्या दहा दिवसांकडे परत परत गेले. आता सांग, तिकडे कशी जाऊ?

त्यानंतर तुझी पत्रं वाढली. प्रत्येक पत्रात असायचं, पुढच्या खेपेस तुला मुंबईला नेतो, तुझे डबे काचेच्या कपाटात कसे दिसतात ते दाखवतो, खऱ्या गाडीत बसवतो. पुढच्या खेपेस धाकट्याला गोवर. मग खोलीत पाहुणे. मग समुद्राला उधाण. मी कधी हट्ट केला नाही. भावाच्या संसारात अडचणी असतात, एवढं मला कळत होतं. अडचण मीच होते, हे कळत नव्हतं.

यंदा आश्विनात तू छातीचं दुखणं घेऊन कायमचा घरी आलास, वहिनी-मुलांसकट. सोबत ट्रंक होती आणि ट्रंकेत इंजिन. दोन महिने तू माजघरात पडून होतास आणि मी तुझ्यासमोर बसून रिबिटं ठेवत होते. तू अंथरुणातून म्हणायचास, "खालच्या वळीत एक कमी पडला." मी मोजायची. खरंच एक कमी असायचं. श्वास लागत होता तरी तुझी नजर तेवढी होती. तुला पेज भरवली, पाठ चोळली, थुंकीचं भांडं उचललं. दोन महिने, भाई. तोंड होतं, वाचा होती, समोर मी होते. रिबिट कमी पडलं ते सांगितलंस.

तर पाटकर. मी वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "कधी वारली म्हणे?"

साधा माणूस. त्यांना वाटलं, लांबच्या नातेवाइकाला तपशील हवा आहे. ते सांगू लागले.

"मेस्त्री आले तेव्हापासून उघड सांगायचे, लाकूडकाम माझं आणि रंग बहिणीचा. लपवाछपवी काही नाही. साहेब तर त्यांना चिडवायचे, 'मेस्त्री, तुम्ही पेट्या करता, डबे करते ती तुमची बहीण.' शेवटी साहेबांनी वर लिहून एक जागा मंजूर करून आणली. रंगकामासाठी, बाईमाणसाची. ऑर्डर हातात दिली आणि म्हणाले, जा, बहिणीला घेऊन या. मेस्त्री दोन दिवस कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते रडतच. तार आली म्हणाले, शालन गेली."

"मग?"

"मग काय. आम्ही सगळे खोलीत उभे राहिलो दोन मिनिटं. साहेबांनी सुतकाची दहा दिवसांची रजा दिली. बोटीवर पोचवायला मीच गेलो होतो धक्क्यावर. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले हो. मलाही आवरलं नाही."

"आणि ती जागा?"

"ती दिली दुसऱ्या कुणाला. पण एक नवल बघा. परत आल्यावर मेस्त्रींचा स्वतःचा हात बसला. घरी नेऊन रंगवायचे, आणि हुबेहूब बहिणीचं काम. साहेब म्हणाले, दुःखाने माणूस शिकतो."

मला हसू फुटलं, भाई. तोंडावर पदर घेऊन मी हसले. पाटकरांना वाटलं, रडते.

ते पुढे सांगत होते. इंजिन न्यायला आलो आहे. काचेच्या कपाटाशेजारी मेस्त्रींचा फोटो लावायचा आहे. मोठ्या मुलाला खात्यात घ्यावं असं साहेबांच्या मनात आहे. मग त्यांनी पुन्हा विचारलं, "पण आपण बहीण म्हणालात, त्या कशा?"

आत वहिनी होती, मुलं होती. तुझा फोटो लागायचा होता. मी म्हटलं, "चुलत. चुलत बहीण मी त्यांची."

हे मी का म्हटलं ते तुला माहीत आहे. वीस वर्षं तुझं झाकायची सवय लागली होती. तू मला एकदा मारलंस, आणि गरज पडली तेव्हा मीही माझ्यावर माती लोटली.

दाराआडून वहिनी बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. डोक्यावरचा पदर सारखा न करताच ती म्हणाली, "खोटा कित्याक सांगतास, वन्सं?" आणि पाटकरांकडे वळून, "ही चुलत-बिलत कोण नाय. हीच ती शालन. रंग, अक्षरा, सगळा हिचा. ह्येंनी कुंचलो कधी हातात धरल्यानी नाय."

"वहिनी, गप रव," मी म्हटलं.

"कित्याक गप रवू?" ती दारातून आत, तुझ्या रिकाम्या अंथरुणाच्या जागेकडे बघून बोलत होती, जसा काही तू तिथेच होतास. "माझ्या धाकट्याच्या बाळंतपणाक ह्येंका दोन दिस रजा गावली नाय. मी एकटी मेलंय थंय आस्पतळात. आणि जित्या भयणीच्या सुतकाक धा दिस गावली?"

 पाटकरांनी माझ्या हातांकडे पाहिलं. इंजिनाचा काळा रंग तेराव्याच्या धावपळीतही नखांतून निघाला नव्हता. ते उठून उभे राहिले, काय करावं न कळून पुन्हा बसले, आणि एकदम म्हणाले, "पण मी तुमच्यासाठी रडलो होतो हो."

त्या बिचाऱ्याची फसवणूक तुला आठवायची का रे कधी? बाजूच्याच टेबलाशी बसायचा ना तो?

जाताना ते इंजिन न नेताच गेले. म्हणाले, "साहेब अजून तेच आहेत, पण थोडेच महिने. तुम्ही स्वतः घेऊन या. नोकरी मिळेल असं मी म्हणत नाही. मुलाचं काय होईल तेही सांगवत नाही. पण या."

त्यानंतर आठ दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडते आहे. तू असं का केलंस, याचं एकेक उत्तर मीच तयार करते आणि मीच खोडते. बहीण पुरुषांमध्ये जाऊन काम करणार, लोक काय म्हणतील, असं वाटलं का तुला? पण लोकांची पर्वा तू कधी केलीस? माझी काळजी म्हणून? मग मला विचारायचं होतंस. बहुतेक ते साहेबांचं चिडवणंच तुझ्या वर्मी बसलं असावं. तुम्ही पेट्या करता. रोज माझ्याशेजारी बसून तुला ते ऐकावं लागलं असतं. पण ते तर आपल्या दोघांना पहिल्या डब्यापासून ठाऊक होतं, भाई. तुझ्या सांध्यांशिवाय माझा रंग कशावर बसला असता? माझ्या मनात कधी वरचढपणा आला नाही. तुला तो माझ्यात कुठे दिसला असेल, तर मला सांगून टाकायचंस, आपण कडाकडा भांडलो असतो, दोन दिवस अबोला धरला असता.

नाही म्हणू शकला असतास. तिला यायचं नाही, असं सांगितलं असतंस तरी भागलं असतं. मेली म्हणून कशाला सांगितलंस?

एक कोडं मात्र मला सुटत नाही. तू धक्क्यावर रडलास ते. पाटकर म्हणतात तसा लहान मुलासारखा. ते सोंग होतं असं मला वाटत नाही. तुला सोंग येत नव्हतं, जत्रेत तुला एकदा दशावतारात उभं केलं तर तू पळून आलास. म्हणजे तू खरंच रडलास. मग बोटीत बसून, खरंच सुजलेल्या डोळ्यांनी, ज्या बहिणीसाठी रडत होतास तिच्याचकडे आलास आणि तिला सुरमईचा तुकडा वाढलास. हे सगळं एकाच माणसाच्या छातीत कसं राहिलं? ते राहूनच ती छाती अशी झाली का?

मी अजून रडलेले नाही. वहिनी रडते, मुलं रडतात, शेजारच्या बाया येऊन रडून जातात. लोकांना वाटतं, शालन दगड आहे. इंग्रजी अक्षरं, स्थिर हात, डोळ्यात तेल घालून बघायची सवय, ओटीवर बसून मुंबईपर्यंत पोचणारं काम, हे मला तू दिलंस. तू दिलं नसतंस तर मी झबली शिवत म्हातारी झाले असते. हे मी विसरत नाही, म्हणूनच तर रडू येत नाही. परक्याने केलं असतं तर एव्हाना मोकळी झाले असते.

इंजिन काल पुरं झालं. शेवटचा हात सुकला. वहिनी आणि मी मिळून कोंडा चाळला, ट्रंक भरली. उद्याच्या बोटीची तिकिटं आहेत, माझं आणि तिच्या मोठ्याचं. तो नको म्हणाला तर मी एकटीही जाईन. साहेब ऐकतील की खोटारडं घर म्हणून हाकलतील, ठाऊक नाही. तुझा फोटो लागेल की नाही, तेही ठाऊक नाही. त्याची जबाबदारी मी घेत नाही.

दोरी आवळता आवळता वहिनीने विचारलं, "साहेबाक पयला काय सांगतलास, वन्सं?"

"नाव," मी म्हटलं.